शेवंताच्या नावाची पट्टी

तापातून उठलेल्या माणसानं गप पडून राहावं, पण हौसाबाईंचा लेक बजाबा आठव्याच दिवसापासून तालमीला जाऊ लागला. या तापानंतर चाळीस दिवस छातीवर आपल्या नावाची पट्टी चिकटवायची, असा आता नियमच होता. पट्टी हृदयाचा आलेख दवाखान्याला कळवायची, आणि आलेख नीट असेल तरच तालमीचं दार उघडायचं. बजाबाला ते रोज उघडत होतं.

एका सकाळी तो तालमीला निघून उंबऱ्यात असतानाच दवाखान्याची गाडी आली.

"शेवंताबाई कोण? आलेख बिघडलाय. हृदयाला सूज दिसतेय, लगेच चला."

सून शेवंता चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. तीही त्याच तापातून उठलेली, पण ठणठणीत. तिनं मान खाली घातली.

"आत्याबाई, यांनी पट्ट्या बदलल्यात. माझी यांच्या छातीवर हाय, अन् यांची माझ्या."

"आये, रविवारी कुस्त्यांचं मैदान हाय," बजाबा म्हणाला. "मला काय बी होत नाय."

हौसाबाईंनी त्याच्या हातातला लंगोट काढून घेतला.

"बायकोच्या नावानं आजारी पडताना लाज वाटली नाय, तर तिच्याच नावानं गाडीत बसायला कशाला वाटंल? चढ वर!"