चारशे ओळी

"चारशे ओळी कशाला, मॅडम? सगळ्यांना सगळी परवानगी द्या, विषय संपला!" माझी कॉम्प्युटरची स्क्रिप्ट बघून नवे साहेब खिदळले.

अकरा वर्षं तीच स्क्रिप्ट ऑफिसातल्या जुन्या-नव्या प्रत्येक मशीनवर फाइली जागच्या जागी बसवत होती; कोणती कुणी वाचायची, कोणती कुणी बदलायची, हे ठरवत होती. साहेबांनी ती काढून स्वतःची एकच ओळ सगळीकडे चालवली: ७७७. म्हणजे सगळ्या कुलपांच्या किल्ल्या सगळ्यांच्या हातात. वर मलाच म्हणाले, "शिका जरा." पालथ्या घड्यावर पाणी कोण ओतणार?

जेवणाच्या सुट्टीपर्यंत साहेबांची गोपनीय शेऱ्यांची फाइल अख्ख्या ऑफिसनं वाचली. माझ्या नावापुढे होतं: 'कालबाह्य. कामावरून कमी करावे.' चार वाजता साहेबांनी ती मुख्यालयाला पाठवली, नेहमीप्रमाणे न वाचता.

पाच वाजता तिथून फोन आला. फाइलीतल्या यादीच्या तळाशी एक नवं नाव होतं, साहेबांचं. पुढे तोच शेरा.

"कुणी केलं हे?" ते किंचाळले.

"कसं सांगणार, साहेब?" मी म्हणाले. "परवानगी सगळ्यांनाच होती."