झिजलेल्या रिंगा

“गिअर ढकलू नको रे, बोलाव त्याला. क्लच पार तळाला ने, न्यूट्रलमध्ये जरा दम घेऊ दे, मग हलकेच बोलाव. येतो बघ लेकरासारखा.”

गाडी शिकवणाऱ्या उस्ताद रावजींचा हा आवाज मोतीरामच्या कानात तरुणपणापासून मुरला होता. धाकट्या भावाला, दिनेशला, जीप शिकवताना सावळघाटाच्या चढणीवर त्यानं तेच शब्द जसेच्या तसे ऐकवले होते.

आज शहरातल्या पेठ नाक्यावरच्या गॅरेजात त्याच जीपचा गिअरबॉक्स उघडा पडला होता. भिकन मिस्त्रीनं गिअर अलगद जुळवणाऱ्या सिंक्रोनायझरच्या पितळी रिंगा फडक्यावर मांडल्या. दात पार बोथट.

“दिवाळीला नव्या घातल्या, शिमग्याआधी खलास! गिअर टाकता का कुदळ मारता, भाऊ?”

“ह्याला विचार,” मोतीराम शेजारी उभ्या दिनेशकडं बोट करून म्हणाला. “दुपारच्या फेऱ्या हाच मारतो.”

“दादा, तू शिकवलं तसंच टाकतो मी.”

“हाताचा गुन्हाच नाय,” भिकन म्हणाला. “कुणीतरी क्लच अर्धाच दाबतंय. मग सगळा मार ह्या बिचाऱ्या खातात. पाय पुरता लावा, लय वर्षं टिकतील.”

मोतीरामनं एक रिंग उचलून अंगठ्यानं चाचपली. बोटांना केसाएवढी खाच कळत होती. सकाळी मात्र डाव्या पायातली चप्पल वाटेत गळाली, ते कुणीतरी हाक मारून सांगितल्यावर कळलं. साखरेनं पाय बधिर होत चाललाय, असं डॉक्टर म्हणाले होते. ते त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. पाय गेलेल्या ड्रायव्हरच्या हातात गाडी कोण ठेवील?

दिनेशनं खिशातली किल्ली काढून बॉनेटवर ठेवली. त्याच्या आवाजात राग नव्हता.

“तुझी गाडी तू सांभाळ, दादा. मी उद्या दिंडोरीला जातो, द्राक्षं तोडायला. आधी जातच होतो की.”

तो रस्त्याकडं चालू लागला. नाक्यावर पेठची माणसं बोचकी घेऊन बसली होती. जीप जुळली की तिच्यातूनच घाटानं घरी जायचं होतं त्यांना. एका बाईच्या मांडीवर पोर झोपलं होतं.

“दिन्या!”

दिनेश थांबला, पण वळला नाही.

“रिंगा मी खाल्ल्या रे. डावा पाय कळतच नाय मला. क्लच दाबला का नाय, ते घाटातसुद्धा खाली वाकून बघावं लागतं.”