भिंगरी स्मृती पुरस्कार

"फोटो जरा डावीकडे सरकवा," मास्तर म्हणाले. "तोंडावर उजेड येतोय."

फोटो सरकला. त्यातली त्यांची बायको मोटरसायकलवर बसून तोंडभर हसत होती. माहेरचे तिला भिंगरी म्हणत, पुढे सगळं गाव म्हणू लागलं. मास्तर तेवढे कधी म्हणाले नाहीत. आता मात्र दरवर्षी एखाद्या धाडसी मुलीला ते तिच्या नावाने पुरस्कार देत, आणि निवृत्त मुख्याध्यापकाची कुणी विचारपूस करावी असा वर्षातला तोच एक दिवस होता.

"दादा, अजून किती वर्षं हे सांगणार आहेस?" पंख्याखाली बसलेल्या धाकट्या बहिणीने विचारलं.

"अंगात जीव आहे तोवर."

"माझ्याच्याने आता ऐकवत नाही."

"मग मागे जाऊन बस."

ती खरंच उठून शेवटच्या रांगेत जाऊन बसली. भावाचं दुःख बिचारीला बघवत नाही, असं पुढच्या रांगेतल्या बायका कुजबुजल्या.

मास्तरांचं भाषण एव्हाना सगळ्यांना पाठ होतं, तरी सभागृह भरलेलं असायचं. कारण भिंगरीच्या गोष्टीच तशा होत्या. चाळिसाव्या वाढदिवसाला ती पैज लावून पाण्याच्या टाकीवर चढली आणि वरून तासभर गाणी म्हणत बसली. ट्रकच्या ट्यूब एकत्र बांधून तिने तराफा केला आणि भाजीवालीला तिच्या टोपल्यांसकट नदीपार नेलं. गावातल्या तीसेक मुलींना पोहायला शिकवलं. मोटरसायकल तर ती अशी चालवायची की पोलीससुद्धा आधी सलाम करायचे आणि मग शिट्टी मारायचे.

लोक खळखळून हसत. मास्तरही हसत. तीच मोटरसायकल त्यांनी तिला न विचारता एका दूधवाल्याला विकून टाकली होती, हे भाषणात नसायचं. पोहणाऱ्या मुलींच्या घरी जाऊन, "पोरींना आवरा," असं त्यांनी बजावलं होतं, तेही नसायचं. घरात असताना जिचं एक धड कौतुक केलं नाही, तिच्यावर हा माणूस आता पाऊण तास बोलायचा, आणि ऐकणाऱ्यांना त्याचीच कीव यायची.

शेवटी पूर यायचा.

"बारा वर्षं झाली," मास्तर म्हणाले. "नदी दुथडी भरून वाहत होती. मी म्हटलं, आज नको जाऊस. ती हसली. बूट घातले, पाठीला पिशवी अडकवली आणि निघाली. बाकी सगळे कपडे अजून कपाटात तसेच आहेत. चार दिवस माणसं शोधत होती. काठावर फक्त तिचा रुमाल सापडला. तो माझ्याच हाती लागावा, हे नशीब."

सभागृहात सुस्कारे उमटले. मास्तर खाली बसले तसे नगराध्यक्ष त्यांच्या कानाशी लागले. "पुलाजवळ वहिनींचा पुतळा बसवायचा ठरलंय. चबुतऱ्यावर तुमचंही नाव घालू. पुरस्कार दिला की जाहीर करतो."

मास्तरांनी डोळे पुसले. पुरस्कार सुरू केल्यापासून अकरा वर्षं ते याचीच वाट बघत होते.

यंदाची विजेती दोन दिवसांचा प्रवास करून आली होती, आणि गाडी रखडल्यामुळे भाषण संपता संपता पोचली. उन्हाने रापलेली, धुळीने माखलेली, विशीतली पोर. एकटीने होडी वल्हवत अख्खी खाडी पार केली होती तिने. मास्तरांनी ढाल तिच्या हातात दिली आणि तिचं बंद पाकीट उचललं. अर्जासोबतचं शिफारसपत्र निकालाआधी उघडायचं नाही, मंचावर सर्वांसमोरच फोडून वाचायचं, हा नियम त्यांचाच. वशिल्याची त्यांना भारी चीड.

त्यांनी चष्मा चढवला आणि शाळेत काढायचे तसा खणखणीत आवाज काढला. "ही मुलगी चार वर्षं माझ्याकडे शिकते आहे. महाहट्टी आहे. वेळेवर जेवत नाही. पण पाणी वर चढलं की हिचं डोकं थंड होतं, आणि ते कुणाला शिकवता येत नाही."

लोक हसले. मास्तर थांबले. कागद त्यांनी डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

"पुढचं अक्षर लागत नाही," ते म्हणाले आणि कागदाची घडी घालू लागले. "राहू दे. नेहमीचंच कौतुक आहे."

"असं कसं, मास्तर? एवढ्या लांबून आलीय पोर!" नगराध्यक्षांनी लाडाने कागद काढून घेतला. "भरून आलंय त्यांना. तूच वाच गं."

"द्या. बाईंचं अक्षर मला लागतं," मुलगी म्हणाली, आणि माइकजवळ जाऊन बाईंनी शिकवल्याप्रमाणे मोठ्याने, न अडखळता वाचू लागली: "माझ्या नावाचा पुरस्कार माझ्याच विद्यार्थिनीला मिळाला, तर मला फार गंमत वाटेल. मी बुडाले नाही. सकाळच्या बसने गेले, आणि बस सुटेपर्यंत मास्तर थांब्यावर उभे होते."