मामांचा रीस्टार्ट

नेटवर्किंगच्या प्रॅक्टिकलला शाल्मलीच्या वाट्याला आलेला राऊटर म्हणजे लॅबचे शिपाई धोंडूमामा. माणसाच्या मेंदूतून संदेश जास्त वेगानं जातात हे कळल्यापासून कॉलेजनं यंत्रं भंगारात काढली होती. मामा डोक्यावर टोप चढवून खुर्चीत बसले होते, तोंडातून लाळ गळत होती.

"तुमच्याकडे घ्या," ते पुटपुटत.

"तुमच्याकडेच घ्या," शेजारच्या खुर्चीतला, तसाच टोप घातलेला कॉलेजचा माळी पुटपुटे.

आधीच्या मुलानं दोघांचे मार्ग एकमेकांकडे वळवून ठेवले होते आणि फेऱ्यांची मर्यादा घालायला तो विसरला होता. एकच संदेश तासभर दोन डोक्यांत गरगरत होता. शाल्मलीनं रुमालानं मामांची लाळ पुसली.

"सर, मार्गांच्या यादीतली चुकलेली ओळ शोधते. दहा मिनिटं द्या."

"रीस्टार्ट कर," परीक्षक समोसा चघळत म्हणाले. "अजून नऊ जण बाकी आहेत."

"पण मामांच्या डोक्यातलं सगळं पुसलं जाईल!"

परीक्षकांनी तेलकट बोटानं स्वतःच मामांच्या टोपावरचं बटण दाबलं. सकाळीच "घाबरू नकोस, पोरी" म्हणत तिला चहा पाजणाऱ्या मामांनी डोळे उघडले.

"बाई, मी कोण?"

"दर वर्षी हेच विचारतो हा," तिच्या जर्नलला बोटं पुसत परीक्षक म्हणाले. "चला, पुढचा विद्यार्थी!"