औषधाचा त्रास

विसरायला लागल्यापासून मामा पत्त्यांत रोज हरत होता. पूर्वी तो कुणाला सहजासहजी जिंकू द्यायचा नाही, पण आता कुठलं पान पडून गेलं तेच त्याच्या ध्यानात राहत नव्हतं. तरी मामी रोज संध्याकाळी पलंगावर डाव मांडायची, आणि जिंकायची.

डॉक्टरांनी त्याला एका नव्या औषधाच्या चाचणीत घेतलं. नाकात सोडायचे थेंब होते. "यात स्टेम सेल नाहीत, त्या पेशींनी बाहेर सोडलेल्या अगदी बारीक पिशव्या आहेत," त्यांनी समजावलं. "मेंदूतल्या थकलेल्या पेशींच्या कामी येईल असा ऐवज त्यांत भरलेला असतो. गुण येईलच असं मात्र सांगता येत नाही."

"म्हणजे पाहुणे स्वतः यायचे नाहीत, नुसता डबा पाठवायचे," मामी म्हणाली. "चालेल. पाहुण्यांपेक्षा तेच बरं."

पुढे दर तपासणीला डॉक्टर विचारायचे, औषधाचा काही त्रास होतोय का? मामी नाही म्हणायची. परवा मात्र तिने खुर्ची पुढे ओढली.

"त्रास सुरू झालाय."

डॉक्टर लिहायचे थांबले. मी मामाकडे पाहिलं. मामा खिडकीबाहेर बघत बसला होता.

"कधीपासून?"

"कालपासून. इतके दिवस मी सुखाने जिंकत होते, डॉक्टर."

 

तिने मामाकडे बोट दाखवलं. "काल यांनी माझ्या मांडीखालचा एक्का ओढून काढला."