वगळायचा राहिलेला भाग

चाचणीचं मशीन पुन्हा गोठलं. पडद्यावरचं घड्याळ तीन वाजून सात मिनिटांवर थांबलं, माऊस हलेना, कीबोर्डला दाद देईना. मास्तरांनी या वेळी ते बंद करून चालू केलं नाही. गोठण्याआधीच्या शेवटच्या नोंदी लॅपटॉपवर उतराव्यात म्हणून त्यांनी सकाळीच एक केबल जोडली होती.

वयाने आणि मानाने ते खोलीत सगळ्यांत मोठे, म्हणून मास्तर. आठवडाभर कोडमधले अर्धे नवे बदल काढून, अर्धे ठेवून त्यांनी मशीन चालवून पाहिलं होतं. नव्या मुलीचा कोड काढला की ते सुरळीत चालायचं. तिला कामावरून काढायचं, असं काल साहेबांशी ठरलंही. स्वतःचा बारा वर्षांचा जुना भाग मात्र मास्तरांनी एकदाही वगळून पाहिला नव्हता. त्याला काय धाड भरली होती!

आता नोंदी समोर होत्या. मुलीचा कोड मेमरीच्या एका जागेसाठी नुसता ताटकळत उभा होता. त्या जागेला मास्तरांच्या कोडने कुलूप लावलं होतं आणि ते काढायचं राहून गेलं होतं.

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पलीकडे मुलगी ड्रॉवर रिकामा करत होती. नोंदी पुसून टाकल्या असत्या तर कुणाला पत्ताही लागला नसता. हा विचार आपल्या मनात आला, याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

ते उठून साहेबांच्या टेबलापाशी गेले. "साहेब, चूक माझी आहे. तिची नाही."

साहेबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "मास्तर, मन मोठं आहे तुमचं. पण पोरीला वाचवायला खापर स्वतःच्या डोक्यावर कशाला फोडून घेता?" चारपाच जणांनी कौतुकाने माना हलवल्या.

मास्तर परत आले. लॅपटॉप उचलून नोंदी सगळ्यांना ऐकू जातील अशा वाचू लागले. तारीख. वेळ. कुलपाचा क्रमांक. पुढे त्यांच्या फाइलचं नाव होतं, खोलीत प्रत्येकाला पाठ असलेलं. तिथे ते थांबले.

मुलगी पिशवी खाली ठेवून जवळ आली.

"पुढचं वाचा ना, सर," ती शांतपणे म्हणाली. "सोमवारी मी म्हटलं होतं, तुमचाही भाग एकदा काढून बघू या. तेव्हा हसलात ना, तेवढ्याच मोठ्याने वाचा."