सही कुणाची?

डोळे मिटू नका, उघडेच ठेवा. आता मनात सिंगापूरच्या पुंगोलमधला बाराव्या मजल्यावरचा एक फ्लॅट उभा करा. लाकडी दार सताड उघडं, पण बाहेरचं लोखंडी गेट कुलूपबंद. मंगळवार, सकाळचे आठ. टेबलावर लॅपटॉप, आणि शेजारी दहा वर्षांची श्रिया मावशीच्या भाषणाच्या सरावासाठी स्टॉपवॉच धरून बसलेली.

"तीन मिनिटं बारा सेकंद," ती म्हणाली. "टू लाँग, मावशी."

निशिगंधामावशी अमेरिकेतल्या एका छोट्या गावाची नगराध्यक्ष होती. आजीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ती आणि तिचे यजमान विक्रांतकाका सिंगापूरला आले होते. तिकडे आत्ता सोमवारची संध्याकाळ होती आणि नगरसभा भरली होती. मावशी इथूनच मत देणार होती.

त्या गावात केंद्र सरकारचे इमिग्रेशन अधिकारी फिरत होते. कागदपत्रं नसलेल्यांना धरून नेत होते. गेल्या आठवड्यात ते शाळेच्या दारापर्यंत आले. मावशीचा मुलगा राजस त्याच शाळेत होता, आणि त्याच्या बाकावरचा मातेओ नऊ दिवस शाळेत आला नव्हता. त्याची आई त्याला घराबाहेरच सोडत नव्हती.

ठराव एका ओळीचा होता. न्यायाधीशाची सही असलेला कागद दाखवल्याशिवाय शाळेचं दार उघडायचं नाही.

ती ओळ खरं तर श्रियाच्या गेटवर जन्मली होती. पाहुणे आले त्या दिवशी मावशी खाली टॅक्सीतलं सामान काढत होती आणि काका एकटेच वर आले. श्रियाने त्यांना फोनवरच पाहिलेलं. त्यांनी गंमत म्हणून गजांमधून ऑफिसचं कार्ड दाखवलं. श्रियाने ते वाचलंही नाही.

"हे तुमच्याच ऑफिसने छापलंय, काका. दुसऱ्या कुणीतरी सांगायला पाहिजे ना."

मावशी वर येईपर्यंत काका बाहेरच उभे राहिले. त्याच दुपारी त्यांनी ठरावाच्या मसुद्यात पेन्सिलने 'योग्य कागद' खोडून 'न्यायाधीशाची सही असलेला कागद' असं लिहिलं.

"खात्यातला साहेबसुद्धा कागदावर सही करतो," ते मावशीला म्हणाले. "तो कागद पाहूनच लोक घाबरतात आणि दार उघडतात. ही पळवाट बुजव."

"तुम्हाला कसं माहीत?" श्रियाने विचारलं होतं.

"पंधरा वर्षं तेच कागद हाताळतोय, बाई."

आता पडद्यावर एक सदस्य तावातावाने बोलत होते. "अशाने केंद्राच्या अधिकाऱ्यांचा अपमान होईल."

काकांना चहाचा ठसका लागला. "होऊ दे थोडा," ते पुटपुटले.

मतं मोजली गेली. तीन बाजूने, तीन विरुद्ध. आता निर्णय नगराध्यक्षांच्या मतावर होता.

मावशीने मायक्रोफोन सुरू केला. भाषणाचा कागद तिने उलटा करून ठेवला.

"माझी भाची दहा वर्षांची आहे. अनोळखी माणसासाठी ती दार उघडते, गेट नाही. आपल्या शाळेलाही एक गेट हवं. माझं मत ठरावाच्या बाजूने."

"चौदा सेकंद," श्रिया म्हणाली.

पडद्यावर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पाच मिनिटांत राजसचा मेसेज आला. मातेओची आई सभागृहातच होती. उद्या तो शाळेत येणार होता. मावशीने चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिली.

"आज पार्टी माझ्याकडून," म्हणत काका खाली गेले. ते परतले तेव्हा एका हातात कोपीच्या, म्हणजे इथल्या कॉफीच्या, पिशव्या लोंबत होत्या आणि दुसऱ्या हातात नारळाचा जॅम लावलेल्या काया टोस्टची पिशवी होती.

"श्रिया, गेट उघड गं. गरम आहे."

श्रिया किल्ली घेऊन आली, पण गेटपाशी थांबली. "कार्ड?"

काका हसले. पिशव्या एका हातात घेऊन त्यांनी खिशातलं कार्ड काढलं आणि गजांशी धरलं. या वेळी श्रियाने ते वाचलं. अक्षर न् अक्षर, मोठ्याने.

"विक्रांत. अमेरिकेचं केंद्र सरकार. इमिग्रेशन अंमलबजावणी अधिकारी."

तिने कार्डाकडे पाहिलं, मग काकांकडे.

"जज्जची सही नाही. कॅनॉट ला, काका," ती अस्सल सिंगापुरी ढंगात म्हणाली. मग किल्ली खिशात टाकली, गजांमधून हात घातला आणि फक्त टोस्टची पिशवी आत घेतली.